स्विस लोक इतकी औषधं घेतात तरी का? छोट्या स्लोव्हेनियाच्या निर्यातीचा हिशेब

सप्टेंबर २०२३ मध्ये फोक्सवॅगनचा पोर्तुगालमधला कारखाना काही आठवडे बंद पडला. संप नव्हता, आग लागली नव्हती, चिपचा तुटवडाही नव्हता. कारण होतं एक दात असलेलं लोखंडी कडं. गाडीच्या इंजिनात फ्लायव्हीलवर हे कडं बसवलेलं असतं. किल्ली फिरवली की स्टार्टर मोटर त्याच्या दातांत अडकून इंजिन फिरवते. हे कडं यायचं स्लोव्हेनियातल्या ल्युब्नो नावाच्या छोट्या गावातून. ऑगस्टमध्ये तिथे भयंकर पूर आला, कारखान्यात पाणी शिरलं, आणि युरोपच्या पार दुसऱ्या टोकाला गाड्या बनायच्या थांबल्या.

स्लोव्हेनियाची लोकसंख्या साधारण २१ लाख. म्हणजे अख्खा देश आपल्या नागपूर शहरापेक्षा कमी माणसांचा. बातमी वाचल्यावर मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की हा देश जगाला नेमकं काय विकतो. व्यापाराचा डेटा सगळ्यांसाठी खुला असतो. एका शनिवारी तो डाउनलोड केला, छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली आणि बार चार्ट काढला.

चार्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग दिसतील असं वाटलं होतं. दिसला तो औषधांचा एक अवाढव्य बार. देशनिहाय चार्ट काढला तर जर्मनीच्याही वर स्वित्झर्लंड! स्वित्झर्लंडची लोकसंख्या एक कोटीपेक्षा कमी. शिवाय औषधं बनवणं हा त्यांचाच मोठा धंदा. ते एका चिमुकल्या देशाकडून इतकी औषधं कशाला घेतील? मला वाटलं माझ्याच कोडमध्ये बग आहे. जॉइन करताना ओळी डबल झाल्या असतील. दोन तास शोधलं. कोड बरोबर होता.

मग आकडा खोटा होता का? तोही खोटा नव्हता. आकडा जे मोजत होता ते आणि मला जे वाटत होतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हा लेख त्या फरकाबद्दल आहे. कारण याच डेटावरून देशांची 'आर्थिक जटिलता' काढतात, आणि त्या रँकिंगचे स्क्रीनशॉट घेऊन लोक एकमेकांशी भांडतात.

आर्थिक जटिलता म्हणजे काय?

एखाद्या देशाला काय काय बनवता येतं, हे थेट मोजता येत नाही. कारागिरी, अनुभव, पुरवठादारांचं जाळं, टेस्टिंगच्या लॅब, हे सगळं माणसांत आणि संस्थांत मुरलेलं असतं. त्याचा एक्सेल शीटमध्ये कॉलम नसतो. मग अंदाज कसा बांधायचा?

समजा एक मोठी सोसायटी आहे. तिथली बरीच घरं खाद्यपदार्थ बनवून बाहेर विकतात. तुम्हाला कुणाच्याही स्वयंपाकघरात जायची परवानगी नाही. तुमच्या हातात आहे फक्त गेटवरच्या वॉचमनची वही. कोणत्या फ्लॅटमधून कोणता पदार्थ किती किमतीचा बाहेर गेला, एवढंच तिच्यात लिहिलंय. या वहीवरून सांगायचं की कुणाच्या हाताला जास्त येतं.

पहिली खूण म्हणजे विविधता. जे घर वीस पदार्थ पाठवतं, त्याला दोन पदार्थ पाठवणाऱ्यापेक्षा जास्त येत असणार.

दुसरी खूण म्हणजे दुर्मिळता. पोहे सगळेच पाठवतात, अनारसे दोन-तीनच घरं. म्हणजे अनारसे अवघड असणार.

पण इथे एक गोची आहे. तळमजल्यावरच्या एका घराच्या अंगणात हापूसचं झाड आहे. हापूस विकणारं घर एकच, मग हापूस हे सगळ्यात मोठं कौशल्य मानायचं का? नाही. ते झाड आहे, हात नाही. हे वहीवरून ओळखायचं कसं? हापूस पाठवणारं घर दुसरं काही अवघड पाठवत नाही. अनारसे पाठवणारी घरं मात्र चकली, पुरणपोळी, उकडीचे मोदक असं बरंच काही पाठवतात. म्हणजे पदार्थ किती दुर्मिळ आहे एवढंच बघून चालत नाही. तो बनवणारे आणखी काय बनवतात, हेही बघावं लागतं.

आता गंमत बघा. घराचा गुण ठरतो त्याच्या पदार्थांवरून आणि पदार्थाचा गुण ठरतो तो बनवणाऱ्या घरांवरून. मग सुरुवात कुठून करायची? सोपं आहे. काहीतरी गुण धरून सुरुवात करायची आणि एकातून दुसरं काढत फेऱ्या मारत राहायचं, घरांचा क्रम स्थिर होईपर्यंत. गुगलचं पेजरँक ज्यांनी शिकलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही पानाचं महत्त्व त्याला लिंक करणाऱ्या पानांच्या महत्त्वावर अवलंबून असतं. गणिताच्या भाषेत दोन्हीकडे शेवटी एका मॅट्रिक्सचा आयगेनव्हेक्टर काढला जातो.

सोसायटीच्या जागी जग ठेवा, फ्लॅटच्या जागी देश, पदार्थांच्या जागी माल आणि वॉचमनच्या जागी कस्टम्स. सेसार हिदाल्गो आणि रिकार्डो हाउसमान यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. तिच्यातून निघणाऱ्या आकड्याला इकॉनॉमिक कॉम्प्लेक्सिटी इंडेक्स म्हणतात, थोडक्यात ईसीआय. जगात निर्यात होणाऱ्या प्रत्येक मालाला कस्टम्सचा एक कोड असतो. चार अंकी कोडच्या पातळीवर साधारण बाराशे प्रकारचा माल होतो. त्यावर हे गणित चालतं.

एक छोटीशी अट, जी पुढे महत्त्वाची ठरते

एखाद्या घराने वर्षातून एकदा चकलीचा एक डबा पाठवला, तर त्याला 'चकली येते' म्हणायचं का? इथे उंबरठा लागतो. बेला बलासा या अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये मांडलेलं गुणोत्तर त्यासाठी वापरतात.

सूत्र सरळ आहे. त्या मालाचा तुमच्या एकूण निर्यातीतला वाटा घ्या. त्याच मालाचा जगाच्या एकूण व्यापारातला वाटा घ्या. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १ किंवा जास्त आलं तर तो माल 'तुम्हाला येतो', नाहीतर नाही. मॅट्रिक्समध्ये १ किंवा ०, मधलं काही नाही.

हे लक्षात ठेवा, यावर परत येऊ.

वहीत स्लोव्हेनिया कसा दिसतो?

छान दिसतो. ईसीआयच्या याद्यांमध्ये हा देश बरीच वर्षं वरच्या गटात आहे, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या देशांच्या पुढे. आणि यात नुसती आकड्यांची करामत नाही.

नोवो मेस्तो या छोट्या शहरात रेनॉचा कारखाना आहे, ट्विंगो गाडी वर्षानुवर्षं तिथून निघते. त्याच शहरात क्रका ही जेनेरिक औषधांची कंपनी आहे. वेलेन्येमध्ये गोरेन्येची वॉशिंग मशिन बनतात. सुपरबाइकचा नाद असलेल्यांना अक्रापोविचचे एक्झॉस्ट माहीत असतीलच, तेही इथलेच. इंगेमार स्टेनमार्क हा स्वीडनचा महान स्कीपटू एलानच्या स्की वापरायचा, त्या स्लोव्हेनियात बनलेल्या. पिपिस्त्रेल ही हलकी विमानं बनवणारी कंपनी. तिच्या इलेक्ट्रिक विमानाला २०२० मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळवणारं ते जगातलं पहिलं पूर्ण इलेक्ट्रिक विमान. आणि आपल्याशी संबंध म्हणजे, एनसीसी, हवाई दल आणि नौदलाच्या प्रशिक्षणासाठी भारताने याच कंपनीकडे १९४ छोटी विमानं मागवली होती. तो करार २०१५ चा.

२१ लाख लोकांत हे सगळं आलं कुठून? एका रात्रीत नक्कीच नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना ते त्रिएस्ते रेल्वे या भागातून गेली आणि तिच्या आजूबाजूला उद्योग वाढले. पुढे युगोस्लाव्हियात स्लोव्हेनियाची लोकसंख्या जेमतेम ८ टक्के होती, पण देशाच्या उत्पादनात आणि निर्यातीत वाटा त्याच्या दुपटीहून जास्त. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला आणि ती घरची बाजारपेठ जवळपास एका झटक्यात गेली. मग हेच कारखाने जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीकडे वळले. २००४ मध्ये देश युरोपियन युनियनमध्ये गेला, २००७ मध्ये युरो आला. ग्राहक बदलले, चलन बदललं, पण हाताला जे येत होतं ते कुठे गेलं नाही.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण इद्रिया गावाचं. इथे पाऱ्याची खाण होती, पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली, जगातल्या सगळ्यात मोठ्या पारा खाणींपैकी एक. पाचशे वर्षं हे गाव पाऱ्यावर जगलं. म्हणजे आपल्या सोसायटीतला अंगणातला हापूस! पण खाण कायम पुरणार नाही हे दिसत होतं. १९६३ मध्ये गावात कोलेक्टर नावाची कंपनी सुरू झाली, कम्युटेटर बनवायला. मिक्सर उघडून पाहिला असेल तर मोटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांचं एक गोल कडं दिसतं, ज्यावर कार्बन ब्रश घासतात. तो कम्युटेटर. आज खाण बंद आहे, युनेस्कोच्या यादीत आहे, पर्यटक बघायला येतात. आणि कोलेक्टर कम्युटेटरच्या धंद्यात जगातल्या आघाडीच्या कंपन्यांत आहे. झाड संपलं, तोवर गावाने हात तयार ठेवले होते. ईसीआयला नेमका हाच फरक पकडायचा असतो.

आता तो औषधांचा बार

मग स्वित्झर्लंडचं कोडं काय?

२००२ मध्ये नोव्हार्टिस या स्विस कंपनीने स्लोव्हेनियातली लेक ही जुनी औषध कंपनी विकत घेतली. तेव्हापासून स्विस औषध उद्योगाचं मोठं काम स्लोव्हेनियात चालतं. आता हे समजायला परदेशात जायची गरज नाही, लिज्जत पापड आठवा. केंद्रावर पीठ मळून तयार असतं. बायका ते घरी नेतात, पापड लाटतात, वाळवतात आणि परत आणून देतात. पीठ त्यांनी विकत घेतलेलं नसतं आणि पापडही त्यांनी विकलेले नसतात. त्यांना मिळते ती लाटण्याची मजुरी.

आता वॉचमनच्या वहीकडे बघा. त्याला मजुरी वगैरे कळत नाही. आत येताना पिठाची पूर्ण किंमत, बाहेर जाताना पापडाची पूर्ण किंमत. पापड हजार रुपयांचे आणि मजुरी शंभर रुपये असली, तरी वहीत लिहिणार 'हजार रुपयांचे पापड बाहेर गेले'.

स्लोव्हेनिया आणि स्वित्झर्लंडच्या औषध व्यापारातला मोठा हिस्सा असाच आहे. माल प्रक्रियेसाठी येतो, परत जातो आणि मालकी बदलत नाही. म्हणून आयातीचा बारही फुगतो आणि निर्यातीचाही. माझा चार्ट फक्त निर्यातीचा होता. आयातीचा शेजारी ठेवला असता तर शंका पहिल्या दहा मिनिटांत मिटली असती.

देशाचे हिशेब ठेवणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. म्हणून दोन वह्या असतात. कस्टम्सच्या वहीत सीमा ओलांडणारा माल लिहितात. पैशाच्या देण्याघेण्याची, म्हणजे बॅलन्स ऑफ पेमेंट्सची वही मालकी बदलली का ते बघते. मालकी बदलली नसेल तर तिथे मालाची किंमत येत नाही, फक्त प्रक्रियेची फी सेवा म्हणून येते. दोन्ही वह्या खऱ्या आहेत. प्रश्न असा, की ईसीआयचं गणित बहुतेक वेळा पहिल्या वहीवर चालतं.

याचा अर्थ 'स्लोव्हेनियाची औषधं म्हणजे नुसता देखावा' असा घेऊ नका. क्रका खरोखर औषधं बनवते आणि जगभर विकते. लेकच्या कारखान्यांतही खरं उत्पादन होतं. दुसऱ्याचं पीठ लाटायलाही हात लागतो, आणि औषधांच्या बाबतीत तर फारच काटेकोर हात. फक्त त्या उंच बारमधला घरचा वाटा किती, हे बार सांगत नाही.

फुगलेला बार बाकीच्यांना कसा खातो

मला वाटलं होतं की फुगवलेल्या आकड्याने देश उगाच हुशार दिसत असेल. हिशेब केल्यावर कळलं की उलटही होऊ शकतं. आठवा ती १ ची अट.

आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा देशाची एकूण निर्यात ४०,००० कोटी. त्यात एका जातीच्या मोटर १०० कोटींच्या. वाटा झाला ०.२५ टक्के. जगाच्या व्यापारात त्या मोटरचा वाटा ०.२० टक्के. गुणोत्तर १.२५, म्हणजे देशाला मोटर येतात. मॅट्रिक्समध्ये १.

आता १५,००० कोटींची औषधं 'लाटून परत' गेली. एकूण निर्यात झाली ५५,००० कोटी. मोटर तेवढ्याच, १०० कोटींच्या. पण वाटा घसरला ०.१८ टक्क्यांवर, गुणोत्तर ०.९१. मॅट्रिक्समध्ये ०.

कारखान्यातला एक स्क्रूसुद्धा हलला नाही. तीच माणसं, तीच मशिन, तोच माल. पण कागदावर त्या देशाला आता मोटर येत नाहीत! विविधता कमी झाली. आणि हे गणित फेऱ्या मारत चालतं, त्यामुळे परिणाम त्या एका मालापुरता राहत नाही. मोठ्या देशाच्या निर्यातीत असा एखादा बार मिसळून जातो. छोट्या देशात एकाच कंपनीने आपल्या मालाचा रस्ता बदलला, तरी अख्ख्या देशाचा चेहरा बदलतो.

त्यात ईसीआय हा तुलनेचा आकडा आहे. तो परीक्षेतल्या मार्कांसारखा नाही, वर्गातल्या नंबरसारखा आहे. तुमचा अभ्यास तेवढाच असला तरी बाकीचे पुढे गेले की तुमचा नंबर खाली येतो. म्हणून 'अमुक देश तीन नंबरनी घसरला' यावरून तिथले कारखाने बिघडले असं म्हणता येत नाही.

वहीत जे येतच नाही

काही गोष्टी गेटवरून जातच नाहीत. तुमच्या घरात लहान मूल असेल तर टॉकिंग टॉम हे मांजर तुमच्या फोनवर कधीतरी बडबडलं असेलच. ते बनवणाऱ्या आउटफिट सेव्हन कंपनीची सुरुवात २००९ मध्ये ल्युब्लियानात झाली. कोट्यवधी फोनवर हे मांजर पोचलं, पण एकाही कस्टम्स अधिकाऱ्याने ते पाहिलं नाही. मालाच्या डेटावर काढलेल्या ईसीआयमध्ये सॉफ्टवेअर नाही, डिझाइन नाही, बंदराच्या सेवा नाहीत. स्लोव्हेनियाला समुद्रकिनारा आहे जेमतेम पन्नास किलोमीटरच्या आत. पण त्यावरच्या कोपर बंदरातून ऑस्ट्रिया, हंगेरीसारख्या किनारा नसलेल्या देशांचाही माल जातो-येतो. ती कमाईसुद्धा या वहीत दिसत नाही. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे हे जरा मनाला लागलंच. माझ्या कामाची नोंद करायला त्या वहीत रकानाच नाही.

मालकी तर आणखी वेगळी गोष्ट. रेनॉ फ्रेंच आहे. गोरेन्ये २०१८ मध्ये हायसेन्स या चिनी कंपनीने घेतली. पिपिस्त्रेल २०२२ मध्ये टेक्स्ट्रॉन या अमेरिकन कंपनीकडे गेली. कौशल्य इथलं, पण पुढचं मॉडेल कुठे बनवायचं हा निर्णय बाहेर होतो. नवीन इलेक्ट्रिक ट्विंगो नोवो मेस्तोमध्येच बनवायचं रेनॉने २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा तिथल्या कामगारांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. ईसीआयच्या आकड्यात ही धाकधूक कुठेच नसते.

मग हा आकडा बघायचा कसा?

मी आता असा कुठलाही चार्ट दिसला की तीन गोष्टी बघतो. निर्यातीच्या बारशेजारी त्याच मालाच्या आयातीचा बार. दोन्ही एकत्र फुगले असतील तर पापड लाटले जात असण्याची दाट शक्यता. दुसरं, सगळ्यात मोठा बार काढून टाकून गणित परत चालवलं तर काय होतं? निकाल खूप बदलला, तर तो निकाल एका कंपनीबद्दल आहे, देशाबद्दल नाही. आणि तिसरं, एका वर्षाचा नंबर न बघता दहा-पंधरा वर्षांची रेघ.

आणि आता परत त्या दात असलेल्या कड्याकडे. माझ्या चार्टमध्ये मी ते शोधलं. सापडलं नाही. इतक्या लहान वस्तूचा वेगळा बार नसतो, ती दुसऱ्या शंभर भागांसोबत कुठल्यातरी मोठ्या शीर्षकाखाली जाते. औषधांचा बार स्क्रीनच्या वर जात होता आणि पोर्तुगालचा कारखाना थांबवणारी वस्तू एका पिक्सेलएवढीही नव्हती. ती थांबेपर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही, कारण ती सहज कुठेही मिळेल असं वाटत होतं. मिळाली नाही.

चार्ट मी डिलीट केला नाही. फक्त त्याचं शीर्षक बदललं. आधी लिहिलं होतं 'स्लोव्हेनिया काय बनवतो'. आता लिहिलंय 'स्लोव्हेनियाच्या सीमेवरून काय बाहेर जातं'.